नाना, आपल्या दोघांची शांता

नाना,

काल तुमचं तेरावं झालं. चोपड्याहून आलेली माणसं आज सकाळच्या एस.टी.ने परत गेली. हे शाळेत शिकवायला गेलेत, शांता झोपली आहे, आणि मी डोक्यावर पदर न घेता तुमच्याशी बोलायला बसले. बसले खरी, पण दोन शब्द बोलायच्या आत पदर डोक्यावर गेलाच. हात आपोआप वर जातो.

लग्न होऊन मी तुमच्या घरात आले तेव्हा स्वराज्य नुकतंच आलं होतं, पण सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही हे काही बदललं नव्हतं. मी धुळ्याची, कारकुनाची मुलगी. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झालेली, वर्गात कविता म्हणून दाखवणारी. तुमच्यासमोर मात्र माझी दातखीळ बसायची. तुम्हीही माझ्याशी कधी बोलायचा नाहीत. पाणी हवं असलं की आधी खाकरायचं, मग चौकटीकडे बघून म्हणायचं, "कोनी शे का घरमा?" जाऊबाई शेतावर गेल्या की घरात माझ्याशिवाय कोण असणार होतं? सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. पण तुम्ही चौकटीला विचारायचा, आणि मी चौकटीच्या आडून तांब्या पुढे सरकवायची.

डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तुम्ही जळगावला, ह्यांच्या शाळेच्या गावी, आमच्याकडे आलात आणि राहिलात. मोतीबिंदू एका डोळ्याचा निघाला, दुसऱ्याचा पिकायची वाट बघायला डॉक्टरांनी सांगितलं. मला तेव्हा शांता पोटात होती. खरं सांगते, मला धास्ती वाटली होती. चोपड्याजवळची तुमची केळीची बाग, तिथला तुमचा दरारा, मजुरांवर ओरडलात की विहिरीवरची कबुतरं उडायची म्हणे, असं सगळं मी ऐकून होते. हा माणूस आता आमच्या दोन खोल्यांत राहणार, आणि मला दिवसभर पाय न वाजवता चालावं लागणार.

मग शांता झाली. नाव तुम्ही ठेवलंत, सासूबाईंचं. सासूबाई फार शांत होत्या असं सगळे सांगतात. ही त्यांच्या नावाला अजिबात जागली नाही. बाराव्या दिवशी पाळण्यात घातली तेव्हा ती इतकी किंचाळली की बायकांना पाळणा अर्धा सोडून द्यावा लागला. बाहेरच्या खोलीतून तुमचं हसणं ऐकू आलं. तुम्ही हसता हे मला त्या दिवशी कळलं.

चालायला लागली तशी तिची खरी ओळख पटली. तिला झबलं घालायचं म्हणजे दोन माणसं लागायची. दूध प्यायचं ते तुमच्याच पितळी पेल्यातून, आणि पेला तिनंच धरायचा. निम्मं दूध पोटात आणि निम्मं पोटावर. बाजारातून येताना कडेवर घेतलं की तिला उतरायचं असे, उतरवलं की रस्त्यात फतकल मारून बसायची. एकदा बाजारातल्या टॉवरजवळ ती रस्त्यावर आडवी झाली. टांगेवाला घोडा थांबवून उभा. मी लाजेनं अर्धमेली. ती आभाळाकडे बघत, हातपाय पसरून, गार फरशीवर पडल्यासारखी निवांत. टांगेवाला म्हणाला, "बाई, आधी महाराणीला विचारा, मी जाऊ का?"

मी घरी येऊन रडले होते. तुम्हाला ते ऐकू गेलं असणार, कारण त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही तिच्या तोंडून माझ्याशी बोललात. तिला मांडीवर घेऊन, माझ्या बाजूला न बघता म्हणालात, "शांता, तुनी मायले सांग, पोर शे, पोतं नई, उचलीसन ठेवाले."

मला राग आला. लाजेनं मी मरत होते आणि वर हे ऐकायचं. माझ्याही तोंडून निघून गेलं, "शांता, नानांना सांग, रस्त्यात घोड्याच्या पायाखाली पोर आली असती तर पोत्यासारखीच उचलावी लागली असती."

मला वाटलं, आता काही खरं नाही. तुम्ही थोडा वेळ तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिलात. मग म्हणालात, "सांग तुनी मायले, हाई बात खरी शे."

तिथून आपलं बोलणं सुरू झालं, नाना. दोघांच्या मध्ये ही पोर बसवून.

आणि काय काय भांडलो आपण! तुम्ही तिला जेवणाआधी गूळ द्यायचा. मी म्हणायची, शांता, नानांना सांग, गूळ खाल्ला की तू वरणभाताला तोंड लावत नाहीस. तुम्ही म्हणायचा, "गूळ खाईसन कोनी मरत नई, सांग तिले." मी तिला शुद्ध मराठी शिकवायला बसायची, "मला पाणी हवं" म्हण. ती तुमच्याकडे बघून म्हणायची, "माले पानी!" ह्यांच्या शाळेचे हेडमास्तर घरी आले होते, त्यांनी कौतुकानं विचारलं, "बाळ, खाऊ हवा का?" तर ही जोरात, "माले नको! तूच खाय!" हे शरमेनं लाल झाले. तुम्ही उपरण्यानं तोंड दाबून अंगणात निघून गेलात. तुमचे खांदे हलत होते ते मी खिडकीतून बघितलं.

तिला आपली दोघांची ही तऱ्हा कळायला वेळ लागला नाही. आई आणि नाना एकमेकांशी बोलत नाहीत, जे काही बोलायचं ते आपल्यामार्फत, हे त्या एवढ्याशा डोक्यात शिरलं आणि मग आपली दोघांची धडगत उरली नाही. ती माझ्याकडे यायची आणि गंभीरपणे सांगायची, "नाना म्हणले, शांताला शेंगा दे." मी शेंगा द्यायची. सासऱ्यांचा शब्द! तिकडे तुम्हाला जाऊन सांगायची, "आई म्हणली, शांताला बाजारात ने." तुम्ही पागोटं चढवून निघायचा. आंघोळीच्या वेळी तर कळस. "नाना म्हणले, आज आंघोळ नको." किती दिवस हे चाललं असेल कुणास ठाऊक. एकदा तुम्ही दारातूनच वैतागून म्हणालात, "शांता, तुनी मायले इचार, रोज रोज माले बाजारात काबर धाडस ती?" मी आतून म्हटलं, "शांता, मी कधी धाडलं?" आणि आपल्या मध्ये उभी राहून ती एकदा तुमच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत, कुठे पळावं याचा अंदाज घेत होती.

तुम्ही मोठ्यानं हसलात. मीही हसले, पदराआड.

जावळाची गोष्ट तर आळीत अजून सांगतात. न्हावी आला, पाट मांडला, आणि हिनं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. समजावलं, दटावलं, पेढा दाखवला. "मी नई, मी नई." न्हावी वैतागला. तेव्हा तुम्ही पाटावर बसलात. तिला म्हणालात, बघ, दुखत नाही काही. आणि न्हाव्याला सांगून तुमची ती पांढरीशुभ्र, पीळदार मिशी उतरवलीत. आख्खी. मी दाराआडून बघत होते, माझा विश्वास बसेना. शांता टक लावून बघत राहिली. मिशी उतरल्यावर जवळ गेली, तुमच्या ओठावर हात फिरवला. मग मागे वळली आणि पुन्हा डोकं धरून बसली. "माझे नको."

तिचं जावळ त्या दिवशी झालंच नाही. तुमची मिशी तेवढी गेली. त्या बिनमिशीच्या तोंडानं तुम्ही बाहेर पडलात तर शेजारचे काका घाबरून धावत आले, "नाना, कोण गेलं हो?" तुम्ही म्हणालात, "कोनी गयं नई. नातनं जावळ शे आज."

यावर मी शांतामार्फत एक शब्द पाठवला होता. "नानांना सांग, हट्ट असा पुरवायचा नसतो. पुरवला की वाढतो." तुमचं उत्तर आलं नाही. वर्षभरानं, केळीच्या बागेत, आलं.

त्याआधी मेहरूणचं झालं. ते मला बोलायला नको वाटतं, पण सगळं तिथूनच फिरलं.

थंडीचे दिवस होते. तुम्ही तिला बोरं खायला मेहरूणच्या तळ्याकडे घेऊन गेलात. ती कडेवर बसेना, बोट धरेना. तुम्ही सोडलंत तिला चालायला. झाडाखाली टेकलात. एक डोळा ऑपरेशन झालेला, दुसऱ्यासमोर धुकं. ती कधी उतारानं पाण्याकडे गेली ते तुम्हाला दिसलंच नाही. काठाशी धुणं धुणाऱ्या एका बाईनं ओरडून तिला धरलं, तेव्हा ती कमरेपर्यंत पाण्यात होती. पाण्यात उभी राहून हसत होती म्हणे.

तुम्ही तिला उपरण्यात गुंडाळून घरी आणलंत. उन्हातून चालत आला होतात, तरी तुमचे हात गार पडले होते. शांताला घेताना माझा हात लागला म्हणून कळलं. मी तिला कोरडं केलं, छातीशी धरलं. आणि तुम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले, "शांता, आजपासून नानांबरोबर कुठे जायचं नाही. कुठेच नाही."

असं बोलणं मला आजही चुकीचं वाटत नाही, नाना. ती बाई तिथं नसती तर? पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पिशवी भरलीत. ह्यांना म्हणालात, केळी काढणीला आली आहे, थोरल्याला एकट्याला झेपत नाही, जाऊन येतो. केळी काढणीला आली नव्हती, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मलाही. हे म्हणाले, असू दे, शेतावर गेले की त्यांना बरं वाटतं. शांता ओट्यावर उभी होती. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि वळून न बघता कोपऱ्यावरून गेलात.

मला वाटलं, आता ही घर हादरवून टाकेल. तसं काही झालं नाही. पहिले काही दिवस ती तुमच्या बाजेवर कुणाला बसू देईना. हे सवयीनं टेकले तर त्यांना ढकलून म्हणाली, "नानानी शे!" तेवढंच. पुढे तेही थांबलं. मग हळूहळू ती शहाणी होत गेली. मी दूध दिलं, प्यायली. झबलं पुढे केलं, हात वर केले. बाजारात कडेवर घेतलं, तर मान खांद्यावर टाकून पडून राहिली. आंघोळीला नाही म्हणाली नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय गुणी झाली हो तुमची शांता! म्हातारं माणूस लाडावून ठेवत होतं, दुसरं काय." मला आधी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? जेवायला बसवली की मुकाट जेवणारं पोर, दोन वर्षं मी याचीच वाट बघत होते.

एका दुपारी मी तिला चुकून फार कढत वरण भरवलं. घास तोंडात गेल्यावर तिचे डोळे पाण्यानं भरले. पण तिनं घास थुंकला नाही. ओरडली नाही. तोंड मिटून माझ्याकडे बघत, ते कढत वरण गिळलं तिनं.

माझा हात तसाच ताटात राहिला. माझ्या पोरीनं पायाला मुंगी चावली तरी आळी डोक्यावर घेतली असती. मी तिला "भाजलं का गं?" विचारलं, तर तिनं नुसती मान हलवली. हो की नाही तेही कळेना.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, मी चोपड्याला जाते. ह्यांनी विचारलं, कशाला? मी म्हटलं, नानांना आणायला. हे म्हणाले, "तू? तू काय बोलणार त्यांच्याशी?" मी दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. धरली.

गाडीत ती माझ्या मांडीवर बसून होती, खिडकीतून बघत. मागच्या वेळी याच रस्त्यानं येताना तिनं कंडक्टरची घंटा वाजवायला मिळेना म्हणून गाडी डोक्यावर घेतली होती. आता घंटा वाजत होती आणि ती वळूनही बघत नव्हती. समोरची बाई म्हणाली, "गरीब शे पोर." मला त्या बाईचं तोंड दाबावंसं वाटलं. तापी ओलांडली, चोपडा आला, तिथून थोरल्या भाऊजींच्या ओळखीची बैलगाडी मिळाली. घरी जाऊबाई चकित. मी तिथं न थांबता सरळ बागेत आले.

तुम्ही केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापत होतात. मातीला आदल्या दिवशी पाणी दिलेलं, तुमचे पाय चिखलानं भरलेले. मला बघून तुम्ही विळा हातात घेऊन तसेच उभे राहिलात. आजूबाजूला बोलायला चौकट नव्हती. मध्ये शांता होती, पण ती माझ्या लुगड्यामागे. मी तिला पुढे करून "शांता, नानांना सांग" म्हणायला गेले आणि माझ्या तोंडातून ते निघेना.

का आले, म्हणून तुम्हीच विचारलंत. माझ्याकडे बघून. "काबर उनी वं, पोर? बठ्ठं बरं शे ना?"

मला सून झाल्यापासून कुणी पोर म्हटलं नव्हतं. मी बोलले, "नाना, शांता हट्ट करत नाही."

दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर हसला असता. तुम्ही विळा खाली टाकलात आणि बांधावर बसलात. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलात. ती तुमच्याकडे धावली नव्हती. थोडं लांब उभी राहून पायानं माती उकरत होती.

मग तुम्ही मला जनीवन्संबद्दल सांगितलंत. मला एवढंच माहीत होतं की ह्यांना एक थोरली बहीण होती आणि ती सासरीच वारली. हे तिच्याबद्दल बोलत नसत. तुम्ही खाली बघून बोलत होतात, आणि बोलताना हातातल्या केळीच्या पानाची चिंधी चिंधी करत होतात. "जनी कधी रडनी नई. बठ्ठं गाव म्हने, नानानी पोर कितली गुणी. जे दिधं ते खाये. जठे बसाडी तठे बसे." लग्न झालं, सासरची माणसंही वाईट नव्हती, म्हणालात. तिथं ती आजारी पडली. पोटात दुखायचं. कुणाला सांगितलं नाही. माहेरी आली होती दिवाळीला, तेव्हाही सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत, चेहरा का उतरला, तर म्हणाली, काही नाही. "पोट दुखे तरी सांगे नई. आम्हले समजनं तवय ती गयेल व्हती."

वारा नव्हता. केळीची पानं हलत नव्हती. मी पदर डोक्यावर नीट केला, कारण हाताला दुसरं काही सुचत नव्हतं.

थोड्या वेळानं म्हणालात, "हट्टी पोर निदान सांगस तरी, काय दुखस ते."

मिशी उतरवलीत त्या दिवशी मी पाठवलेल्या शब्दाचं हे उत्तर होतं. मी म्हटलं, "नाना, घरी चला."

"माले एक डोयाले दिसत नई, पोर. पान्यामा गयी ती."

"मग तिचं बोट धरून चला. नाही धरलं तर ओरडू दे तिला. पण धरून ठेवा."

हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं, नाना. सासऱ्याला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मान हलवलीत. "तू भी सांगत जाय माले. पोरनी आडून नको सांगू."

आपलं हे चाललेलं असताना शांता हळूहळू पुढे सरकली होती. तिची नजर त्या विळ्यावर. पाती उन्हात चमकत होती. ती वाकली आणि मुठीला हात घालणार, तोच तुम्ही विळा उचललात.

"माले दे," ती म्हणाली. किती दिवसांनी!

तुम्ही म्हणालात, "नई."

आजवर तिनं तुमच्या तोंडून हा शब्द ऐकलाच नव्हता. ती थक्क झाली. तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "माले दे!"

"नई. इळा नई."

आणि तिनं त्या ओल्या चिखलात अंग टाकून दिलं. पाठीवर पडून, टाचा आपटत, तोंड आभाळाकडे करून अशी ओरडली की बांधापलीकडचे मजूर उभे राहून बघायला लागले. झबलं, केस, कान, सगळं चिखलानं माखलं. मी तिला उचलायला पुढे झाले तर तुम्ही हात आडवा केलात. आपण दोघं तिथं उभे राहून तिचं रडणं ऐकत होतो. तुमच्या डोळ्यांतून, बऱ्या आणि आजारी दोन्ही डोळ्यांतून, पाणी वाहत होतं आणि तुम्ही हसत होतात. मला तर असं वाटलं की माझ्या छातीवरून कुणी जातं काढून घेतलं.

मग मी म्हटलं, "नाना, बघा हं, गूळ दिल्याशिवाय आता ती उठायची नाही."

तुम्ही म्हणालात, "मंग गूळ आनाले कोन जाई? तू का मी?"

त्याच दिवशी तुम्ही परत आलात. एस.टी.त तिनं कंडक्टरशी भांडण काढलं, घंटा वाजवली, आणि जळगाव येईपर्यंत तुमच्या मांडीवर झोपली. चोपड्यात धुतली होती, तरी कानामागे चिखल वाळलेला तसाच होता.

त्यानंतर आपण तोंडानं भांडायला लागलो, आणि मग मात्र खूप भांडलो. तुम्ही म्हणायचा, तिला एवढ्यात शाळेत घालू नका. मी म्हणायची, तिला शिस्त हवी. तुम्ही म्हणायचा, शिस्त घोड्याला लावतात. मी म्हणायची, टॉवरपाशी घोडा थांबला होता, आपली शांता नव्हती थांबली. यावर तुम्हाला उत्तर सुचलं नाही की तुम्ही "भाकर झायी का?" विचारायचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला की आपला तह. मेहरूणला पुन्हा गेलात तेव्हा तिचं मनगट असं धरून ठेवलंत की ती जाताना आणि येताना सारखी ओरडत होती. गल्लीतल्या लोकांना आधी तिचा आवाज यायचा, मग तुम्ही दिसायचा.

हे शाळेतून आल्यावर म्हणायचे, "तुम्ही दोघं इतकं काय बोलता?" त्यांना वडिलांशी एवढं बोलता कधी आलं नाही. तुम्ही गेल्यावर एकदा ते मला म्हणाले, "तुझ्याशी बोलताना नाना वेगळे वाटायचे." पुढे काही बोलले नाहीत. जनीवन्संबद्दल त्यांना मी अजून विचारलेलं नाही. विचारीन. तुम्ही मला सांगितलंत ते त्यांना कधी सांगितलं नाहीत, हे मला त्या दिवशी बागेतच समजलं होतं. ते एक काम माझ्याकडे राहिलं.

तुम्ही गेलात त्या दुपारी मी मागच्या अंगणात दादर ज्वारी पाखडत होते. तुम्ही जेवून आडवे झालेले. शांता आतून आली. कपाळाला आठी. माझ्यासमोर उभी राहून तक्रार केल्यासारखी म्हणाली, "आई, नाना ऐकतच नाहीत."

मी सूप खाली ठेवलं. तिच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं.

पुढचं तुम्हाला काय सांगायचं? माणसं आली, चोपड्याहून भाऊजी आले, सगळं रीतीनं झालं. मी रडले नाही. मला रडायला येईना. चहा, पाणी, पानं मांडणं, आल्या-गेल्याचं बघणं यात मी नुसती फिरत होते. शांताला सगळ्यांनी सांगितलं की नाना देवाच्या घरी गेले. तिनं प्रत्येकाला विचारलं, कोणत्या एस.टी.ने? कधी येणार? एकानं सांगितलं, आता नाही येणार. तिनं त्याला ढकललं आणि दुसऱ्याला विचारलं. ज्यानं त्यानं तेच सांगितलं.

काल तेराव्याला पंगत बसली होती. बाहेर सगळे पुरुष, आत बायका. आणि एकाएकी तिला पटलं, नाना. कशानं ते मला माहीत नाही. ती मधल्या दारात उभी होती, आणि तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. हट्टाचं रडणं मला ओळखू येतं. हे तसं नव्हतं. "नाना! नाना!" पंगतीतले हात थांबले. तुमच्या चुलतभावजय, आपल्या घराण्यातल्या सगळ्यांत मोठ्या अक्का, माझ्यावर डाफरल्या, "पोरले गप कर वं! लोक बसेल शेतस. उचल तिले."

हे उठले. मी आधी पोहोचले. तिच्याजवळ जमिनीवर बसले. आणि पदर खांद्यावर घसरलेला तसाच ठेवून अक्कांना म्हटलं, "रडू द्या तिला, अक्का."

"लोक काय म्हनतीन?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. तिचे नाना गेलेत. रडू द्या तिला."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि हळूच भिंतीला टेकून बसल्या. शांता माझ्या मांडीवर आली, तोंड माझ्या पोटात खुपसलं, आणि तिचं अंग हलत होतं ते मला माझ्याच अंगात जाणवत होतं. तेव्हा कुठे मला रडू आलं. एवढ्या सगळ्यांसमोर, पंगत थांबवून, आम्ही मायलेकी रडत बसलो. मध्येच हे येऊन आमच्याजवळ बसले. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तेही रडले. वडिलांसाठी त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघत होते.

तुमच्या तेराव्याला पंगत तेवढा वेळ थांबली, नाना. नंतर पुन्हा भात वाढला, वरण गार झालं होतं ते कुणी परत गरम केलं. अक्का जाताना शांताच्या गालावरून हात फिरवून गेल्या.

आता ती उठायच्या बेतात आहे. कूस बदलतेय. उठल्यावर आज पहिलं भांडण कशावरून होईल याचा अंदाज मला आहे, आणि ते मला एकटीनंच करायचं आहे. तुम्ही असतात तर तिची बाजू घेतली असतीत, मी चिडले असते, तुम्ही ऐकलं नसतं.

तुमच्याशी भांडताना मला माहेरी बोलते आहे असं वाटायचं, एवढंच सांगायचं राहून गेलं.